उसने, पैज आणि ओवाळणी

दारावरची घंटा वाजली म्हणून उघडून पाहिले, तर शेजारच्या आजीबाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली. आदल्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, जिना उतरण्याचे त्राण नव्हते. म्हणून मी माझ्याबरोबर त्यांचेही दूध आणि पाव घेऊन आले होते. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर दोन युरो चाळीस सेंट होते, नाणे न् नाणे मोजून आणलेले. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मन भाषेत म्हणाले, “राहू द्या हो, एवढ्याशाचं काय!”

त्यांनी हात मागे घेतला नाही. शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही हे घेतलं नाहीत, तर पुढच्या वेळी मला तुम्हाला काही सांगता यायचं नाही.”

मी पैसे घेतले, दार लावले आणि मला राग आला.

ही गोष्ट २०१२ सालची. आदल्याच वर्षी ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही स्टुटगार्टला बिऱ्हाड केले होते. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर म्हणवते. पण दोघी बहिणींच्या बटव्यातला हिशेब एका रीतीचा नाही, हे मला त्या दिवशी कळले. माझे माहेर जालना जिल्ह्यातले. तिथे आजारी शेजारणीसाठी आणलेल्या दुधाचे कुणी पैसे देऊ केले, तर ते तोंडावर फेकल्यासारखे वाटते. आमच्याकडे साखरेची वाटी उसनी जाते. पण परत येताना ती रिकामी येत नाही. चार लिंबे, मूठभर शेंगा, काहीतरी तिच्यात असतेच; आणि मग त्या शेंगांची फेड म्हणून आणखी काही जाते. वाटी दोन घरांमधून अशी वर्षानुवर्षे फिरत राहते. कुणाचे कुणाकडे किती निघते हे दोन्ही घरांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसणे हाच तिथला शेजारधर्म. आजीबाईंकडे मी एकदा पुरणपोळ्या पाठवल्या, तर डबा घासूनपुसून, आरशासारखा लखलखीत होऊन, रिकामा परत आला. सोबत आभाराची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीने मला डब्याइतकेच रिकामे वाटले.

परदेशी राहणारी आपली माणसे एकत्र जमली, की अशा गोष्टींची थट्टा ठरलेली असते. हॉटेलात जेवण झाले की वाढपी विचारतो, “बिल वेगवेगळं की एकत्र?” आणि दहा-दहा वर्षांचे मित्र आपापल्या सूपचे पैसे आपापल्या पाकिटातून काढतात. आम्ही हसतो. आपल्याकडे बिलावरून होणारी ओढाओढ आठवते आणि उर भरून येतो. मीही पुष्कळ हसले आहे. पण आता वय चाळिशी ओलांडून पुढे गेल्यावर स्वतःशी खरे बोलायचे तर त्या ओढाओढीत जो हरतो, तो मनातल्या मनात आकडा लिहून ठेवतो. आणि जो जिंकतो, तोही. आपल्याकडे हिशेब नसतो असे नाही. फक्त त्याची वही कुणाला दाखवायची नसते.

जर्मन भाषेत एक शब्द आहे, ‘शुल्ड’. त्याचा अर्थ अपराध. त्याचेच अनेकवचन ‘शुल्डन’. त्याचा अर्थ कर्ज. ज्या भाषेत कर्ज आणि अपराध एकाच धातूचे, तिथे कर्ज डोक्यावर ठेवून माणसाला झोप कशी लागावी? नीत्शे या तत्त्वज्ञाने १८८७ साली नीतीच्या उगमावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या दोन शब्दांचे नाते त्याने मुद्दाम उकलून दाखवले आहे. अपराधाची जाणीव माणसाच्या मनात धनको आणि ऋणको यांच्या व्यवहारातून आली, असे त्याचे म्हणणे. आपल्या भाषेचा कल नेमका उलटा आहे. आपण ‘ऋण’ म्हणतो तेव्हा देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आठवते. जन्मतःच माणूस तीन ऋणे घेऊन येतो, आणि त्याचा कुणाला अपराध वाटत नाही. ‘मी तुमचा ऋणी आहे’ हे आपण आनंदाने म्हणतो. अनोळखी माणसाबद्दल अकारण माया वाटली, तर तिला ऋणानुबंध म्हणतो. म्हणजे त्यांच्याकडे देणे हा डाग आहे आणि आपल्याकडे देणे हा धागा आहे.

बराच काळ मला वाटे, की या दोहोंत आपलेच खरे. धागा डागापेक्षा केव्हाही बरा. पण माणसे पैशाकडे जशी पाहतात, तशी ती उगीच पाहत नाहीत. त्यांच्या आजी-आजोबांवर काय गुजरले ते त्यांच्या मुठीत उतरलेले असते.

आजीबाईंचा जन्म १९३८ चा. त्यांच्या आजीने लग्नाआधी दुसऱ्यांची धुणीभांडी करून बँकेत पैसे साठवले होते. १९२३ सालच्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले. त्या महिन्यात सरकारने नवे चलन काढले, तेव्हा एका नव्या मार्कासाठी जुने एक लाख कोटी मोजावे लागले. आयुष्यभराच्या शिलकीत काडेपेटीही येईना. पुढे दुसरे महायुद्ध झाले, आणि २० जून १९४८ या दिवशी पश्चिम जर्मनीत पुन्हा नवे चलन आले. माणशी चाळीस मार्क हातावर ठेवले गेले, वीस मागाहून मिळाले. आणि बँकेत ज्यांचे जुने शंभर होते, त्यांच्या हाती शेवटी साधारण साडेसहा राहिले. आजीबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. रांगेत आईचा हात धरून उभे राहिलेले त्यांना आठवते. “दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचांमागे अचानक माल आला,” त्या सांगत होत्या, “आदल्या दिवसापर्यंत काही नव्हतं. तेव्हा आई म्हणाली, उद्याचं कुणी सांगू नये.”

उद्याचे कुणी सांगू नये! मला वाटते, पैशाविषयीचा त्यांचा सारा स्वभाव या वाक्यात आहे. कारण कर्ज म्हणजे दुसरे काय? कर्ज म्हणजे उद्यावर लावलेली पैज. पीक येईल, नोकरी टिकेल, भाव चढेल, हा अंदाज बांधून आज घेतलेला पैसा. ज्यांचे उद्या दोनदा मोडून पडले, ते अशी पैज लावायला कचरतात. २०२३ सालीदेखील या देशात निम्म्याहून थोडे अधिक व्यवहार रोख नाण्या-नोटांनी होत होते. घरासाठी कर्ज काढायचे तरी आधी वर्षानुवर्षे पैसे साठवून दाखवायचे, मग इतरांनी साठवलेल्यातून आपली पाळी यायची, अशी एक पद्धत इथे आहे. तिचा उगम स्टुटगार्टच्या उत्तरेला व्यूस्टनरोट नावाच्या गावी, गेओर्ग क्रोप याने १९२१ साली काढलेल्या मंडळात झाला. ती समजावून घेताना मी हसून म्हणाले, “ही तर आमची भिशी!” २००८ साली जगभरच्या बँका कोसळल्या, तेव्हा चान्सलर मेर्केलबाईंनी याच शहरात आपल्या पक्षाच्या अधिवेशनात सांगितले होते, की श्वाबियाच्या एखाद्या गृहिणीला विचारले असते तरी पुरे होते, मिळकतीबाहेर कायम जगता येत नाही हे तिने सांगितले असते. श्वाबिया म्हणजे हाच मुलूख. दुसऱ्या वर्षी सरकारच्या कर्ज काढण्यालाच त्यांनी राज्यघटनेत लगाम घातला. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये रस्ते, पूल आणि संरक्षण यांसाठी तो लगाम सैल करावा लागला, तेव्हा आमच्या जिन्यात मोठे वाद झाले. जणू कुणीतरी घरातले सोने गहाण टाकायला निघाले होते.

आणि अशा या माणसांना मी पैज लावताना पाहिले. तीही उद्यावरच, पण फुटबॉलच्या.

माझा मुलगा ज्या क्लबात खेळायला जाई, तिथे विश्वचषकाच्या वर्षी भिंतीवर एक भला मोठा तक्ता लागे. माणशी पाच युरो भरायचे आणि प्रत्येक सामन्याचा आकडा आधी लिहायचा. नेमका आकडा जुळला तर चार गुण, गोलांचा फरक जुळला तर तीन, नुसते कोण जिंकणार ते जुळले तर दोन. क्लबाच्या खजिनदार आमच्या आजीबाई. नवरा गेल्यापासून ती पेटी त्यांच्याकडे होती. २०१४ साली त्यांनी मलाही पाच युरो भरायला लावले. मला क्रिकेटपलीकडे खेळ कळत नाही. मी एक युक्ती केली. या खेळात गोल फार थोडे होतात हे मी ऐकले होते. म्हणून ज्याचे नाव अधिक ऐकलेले, त्याच्यापुढे कधी १–० आणि कधी २–१ लिहून मोकळी झाले. त्या स्पर्धेतल्या चौसष्ट सामन्यांत एकूण एकशे एकाहत्तर गोल झाले, म्हणजे सामन्यामागे तीनही नाहीत. जिथे एका गोलावर निकाल लागतो, तिथे पायाला लागून वळलेला एक चेंडूही शहाण्याला वेडा ठरवतो आणि वेड्याला शहाणा. ८ जुलैला जर्मनीने ब्राझीलला ब्राझीलच्याच मैदानात ७–१ असे हरवले. आमच्या तक्त्यावर चाळीस माणसांपैकी एकानेही असले काही लिहिले नव्हते. क्लबातले लोक आनंदाने ओरडायचे सोडून एकमेकांकडे बघत राहिले.

या देशाने भाकितांचा आणखी एक चमत्कार पाहिला होता. २०१० च्या विश्वचषकात ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला पाउल नावाचा एक अष्टपाद, निशाणे लावलेल्या दोन पेट्यांपैकी एकीतला शिंपला खाऊन विजेता सांगत असे. आठ सामन्यांत त्याचे आठही अंदाज खरे ठरले. नुसत्या नाणेफेकीने तसे होण्याचा संभव दोनशे छप्पन्नात एक. पण जगात त्या महिन्यात किती पोपट, किती हत्ती, किती भविष्यवेत्ते कामाला लागले असतील! ज्याचे खरे ठरले तेवढ्याचेच नाव राहिले. नशिबाचा स्वभावच असा आहे, की ते हरणाऱ्यांची नोंद ठेवत नाही.

त्या २०१४ च्या तक्त्यात मी पहिली आले. एकशेवीस युरो! मी ओशाळले. ज्यांनी जन्मभर हा खेळ पाहिला त्यांचे पैसे मी अज्ञानाने जिंकले होते. मी आजीबाईंना म्हणाले, “हे मला नकोत. मुलांच्या चेंडूंसाठी क्लबातच ठेवून घ्या.”

त्यांनी मान हलवली. “तसं नाही चालायचं. आधी घ्या. सही करा. मग तुमच्या हातानं द्या. मी पावती करीन.”

“एकच झालं की!”

“एकच कसं होईल? तुम्ही न घेताच दिलंत, तर ते दिलं कुणी?”

मी सही केली, नोटा घेतल्या, मोजल्या आणि परत दिल्या. त्यांनी दुसरा कागद काढून त्यावर देणगीची पावती लिहिली. बक्षीस मिळवणाऱ्याने सर्वांना काही गोड खाऊ घालायचे अशी तिथली रीत. म्हणून मी नारळाच्या वड्या केल्या. त्या मात्र कुणी मोजल्या नाहीत.

पुढे वर्षअखेरच्या सभेला मी मुद्दाम गेले. दोन तपासनिसांनी वह्या पाहिल्या, बरोबर असल्याचे सांगितले, आणि सभासदांनी हात वर करून खजिनदारांना मोकळे केले. या ठरावाला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘भार उतरवणे’. शहात्तर वर्षांच्या आजीबाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी एखाद्या मुलीचा हलकेपणा आला. मी टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या मनात माझा भाऊ उभा होता.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याची मोसंबीची बाग. २०१२ चा पाऊस गेला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. टँकरच्या पाण्यावर झाडे जगवण्यासाठी त्याने माझ्याकडे दोन लाख रुपये मागितले. मी पाठवले. कागद नाही, मुदत नाही. बहीण-भावात कागद कसला? त्या दिवाळीत त्याला फोन करून मी मोठ्या मायेने सांगितले, “यंदा ओवाळणी पाठवू नकोस रे. तुझी ओढ मला दिसत नाही का?” तो “बरं” म्हणाला. दर भाऊबिजेला तो आईकडे माझ्या नावाने पाचशे एक रुपये ठेवत असे. ते त्या वर्षापासून थांबले. मग फोन थांबले. मी केला तर आवाज यायचा, पण माणूस यायचा नाही. मी पैशाविषयी चकार शब्द काढत नव्हते, आणि माझ्या त्या मोठेपणावर मी मनातून खूष होते.

आजीबाईंचे ते वाक्य, “तुम्ही घेतलं नाहीत, तर पुढच्या वेळी मला सांगता यायचं नाही,” माझ्या भावाच्याच तोंडचे होते, हे कळायला मला चार वर्षे लागली. त्याला मी देण्याची वाट ठेवली नव्हती. मग त्याने मागण्याचे, बोलण्याचे, हसण्याचे तोंड तरी कुठून आणावे?

२०१६ च्या डिसेंबरात माहेरी गेले. आई झोपल्यावर ओसरीवर बसलो होतो. मी म्हणाले, “ते पैसे आता विसरून जा. मी सोडले.” मला वाटले होते, त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरेल. तो कितीतरी वेळ अंधारात बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, तू सोडलेस. पण मला कोण सोडवणार? आता तर मला जन्मभर मान खाली घालून यावं लागंल तुझ्यासमोर.”

त्या रात्री मला झोप आली नाही. माफी ही मी आजवर मोठी गोष्ट मानत आले होते. आणि कुणाला अन्नाला मोताद व्हावे लागत असेल तर ती आहेच. पण जो माणूस फेडू शकतो, फेडू इच्छितो, त्याला परस्पर माफ करणे म्हणजे त्याच्याकडून फेडण्याचा मान काढून घेणे. धागा धागा म्हणून मी जो जपत होते, त्याचे एक टोक माझ्या हातात होते आणि दुसरे त्याच्या गळ्यात. आपल्या ऋणानुबंधाची ही बाजू आपण सहसा बोलून दाखवत नाही. ज्या देण्याचा हिशेब नसतो, त्यात देणारा मोठा होत जातो, आणि घेणाऱ्याला लहान होण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मग जर्मन माणसाचेच खरे, असे म्हणावे काय? तेही म्हणवत नाही. २०१० नंतर ग्रीस देश कर्जात बुडाला, तेव्हा आमच्या जिन्यातही तोच सूर होता: आम्ही काटकसर करायची, आणि त्यांनी उधळायचे! कर्ज हा अपराध ठरला की कर्जबाजारी माणूस गुन्हेगार ठरतो, मग तो बुडाला का, हे कुणी विचारत नाही. आणि याच देशाला स्वतःच्या पडत्या काळात काय मिळाले होते? २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये जो करार झाला, त्यात धनको देशांनी पश्चिम जर्मनीचे परदेशी कर्ज सुमारे निम्म्याने कमी केले. त्या करारावर सही करणाऱ्यांत ग्रीसही होता. उरलेले हप्ते देशाला झेपतील अशा बेताने बांधून दिले गेले. पहिल्या महायुद्धानंतरच्या देण्यांपैकी शेवटची रक्कम जर्मनीने चुकती केली ती ३ ऑक्टोबर २०१० रोजी.

हे मी एकदा आजीबाईंना बोलून दाखवले. त्या चिडतील असे वाटले होते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. पण त्यांनी सगळं सोडलं नाही, हेही चांगलं केलं. फेडता येईल एवढं ठेवलं. म्हणून आम्हाला मान वर करता आली.”

मला जे हवे होते ते या उत्तरात सापडले. प्रश्न फेडायचे की सोडायचे हा नव्हताच. देणे असे ठेवायचे, की देणाऱ्याला मान वर करून ते देता यावे.

ओसरीवरच्या त्या रात्रीनंतर सकाळी चहा पिताना मी भावाला विचारले होते, “महिन्याला तुला किती झेपंल?” त्याने क्षणात उत्तर दिले, “दोन हजार.” तो आकडा त्याने किती वर्षे मनात घोळवून ठेवला असेल! मी शाळेच्या वहीत दोन रकाने आखले, त्याने सही केली, मी केली. वरून मी म्हणाले, “आणि भाऊबिजेची माझी ओवाळणी चुकवायची नाही. मागच्या तीन वर्षांची बाकी आहे.” तो हसला. तीन वर्षांनी मी त्याचे हसू ऐकले.

हप्ते येत गेले. २०१८ च्या दुष्काळात चुकले, २०२० च्या टाळेबंदीत चुकले. चुकणार असले की तो आधी फोन करतो, आणि फोन पैशाचा असतो म्हणून पाच मिनिटांत संपत नाही. मुलांच्या परीक्षा, आईचे गुडघे, बागेला आलेला बहर, सगळे त्यात येते. आता थोडेच हप्ते उरले आहेत. ते संपले की फोनही संपतील की काय, अशी एक धास्ती मला अधूनमधून वाटते. इतकी वर्षे स्टुटगार्टात काढूनही मी शेवटी त्या फिरत्या वाटीच्याच गावची आहे.

रविवारी मी इथल्या मराठी मुलांना अक्षरे आणि आकडे शिकवते. एकदा वजाबाकी चालली होती. मी आमच्या गुरुजींसारखे सांगत होते, की एकक कमी पडला म्हणजे शेजारच्या घरातून एक दशक उसना घ्यायचा. इथेच जन्मलेली एक चिमुरडी हात वर करून म्हणाली, “बाई, मग तो परत कधी द्यायचा?” मी तीस वर्षांत कधी हा विचार केला नव्हता. तिला काय उत्तर द्यावे ते मला त्या दिवशी सुचले नाही.

आज सुचते आहे, आणि ते सुचायला दिवाळीच यावी लागली. आपल्या पूर्वजांनी लागोपाठच्या सणांत पैशाला निरनिराळी आसने मांडून दिली आहेत. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्यांची पूजा करतो. ती मिळवलेल्या आणि देणे-घेणे असलेल्या पैशाची पूजा. तिथे पैचीही चूक चालत नाही, चालू नये. पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. पण तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा आहे. उद्याचे कुणाला कळत नाही, हे कबूल करून हसत-खेळत डाव मांडण्याचा तो एक दिवस. त्या दिवशी गमावण्याइतकेच लावायचे असते. धर्मराजाची चूक तो खेळला ही नव्हती. जे त्याचे नव्हते, ते भाऊ आणि ती पत्नी त्याने पणाला लावली ही होती. आमच्या क्लबातले पाच युरो त्याच्यापेक्षा शहाणे. २०१८ साली त्याच तक्त्यावर सगळ्यांनी जर्मनीचा विजय लिहिला होता, आणि कोरियाने त्यांना २–० असे हरवून घरी पाठवले. चाळीस जणांचे पाच-पाच युरो गेले आणि सगळ्यांनी मिळून केक खाल्ला. पैशात इतकी जपून वागणारी माणसे आशेत मात्र आपल्याइतकीच उधळी असतात, हे पाहून मला त्यांची फार माया वाटली.

आणि मग भाऊबीज. तबकात पडलेली ओवाळणी कुणी मोजून घेत नाही, कुणी तिची पावती देत नाही, कुणी ती फेडतही नाही. ती हिशेबाबाहेरची आहे. पण ती हिशेबाबाहेर राहावी म्हणूनच हिशेब हिशेबात राहिला पाहिजे. मी भावाला कर्जदार समजून त्याची ओवाळणी माफ केली, तेव्हा मी त्या दोन दिवसांची गल्लत केली. लक्ष्मीपूजनाच्या वहीत मी भाऊबीज लिहून टाकली.

आजीबाई आता फारशा बाहेर पडत नाहीत. त्यांचे दूध-पाव मीच आणते. पैसे त्या मोजून देतात, मी मोजून घेते. मागच्या उन्हाळ्यात मी पाठवलेला डबा परत आला तो जड होता. उघडला, तर आत त्यांच्या परसातल्या चेरी. मी विचारले, तर म्हणाल्या, “तुमच्याकडे रिकामा देत नाहीत ना?” मी त्याचे पैसे विचारले नाहीत, आणि त्यांनीही सांगितले नाहीत.

भावाने कालच कळवले आहे. या महिन्याचे दोन हजार बँकेत भरले; पाचशे एक आईकडे ठेवले. दोन हजारांची नोंद मी वहीत केली. पाचशे एक लिहिले नाहीत.